गाडीखाली जाण्याआधी: तांत्रिक लेखन म्हणजे काय?

कतारची राजधानी दोहा. तिच्या नैऋत्येला इंडस्ट्रियल एरिया नावाचा मोठा भाग आहे. इथले रस्ते नंबरांनी ओळखले जातात: स्ट्रीट १, स्ट्रीट २, स्ट्रीट ३... गॅरेज, गोदामं, सुट्या भागांची दुकानं, वेल्डिंगची वर्कशॉप आणि कामगारांच्या राहायच्या जागा, सगळं इथेच. काम करणारी माणसं भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, फिलिपिन्स आणि आफ्रिकेतल्या देशांमधून आलेली. कुणाची भाषा मल्याळम, कुणाची नेपाळी, कुणाची बंगाली, कुणाची मराठी. एकमेकांशी बोलताना मोडकंतोडकं हिंदी, इंग्रजी किंवा अरबी चालतं.

आता विचार करा. एका वर्कशॉपमध्ये नवीन मशीन आलं. त्याच्यासोबत एक जाड पुस्तक आलं. त्याला मॅन्युअल म्हणतात. ते बहुधा इंग्रजीत असतं. म्हणजे वाचणारा माणूस ते आपल्या मातृभाषेत वाचत नाही. शाळेच्या परीक्षेत एक वाक्य चुकीचं समजलं तर एखादा मार्क जातो. इथे बोट जाऊ शकतं.

अशी मॅन्युअल आणि सूचना लिहिणं हे एक वेगळं काम आहे. त्याला तांत्रिक लेखन म्हणतात. गोष्ट वाचून आपल्याला मजा येते. तांत्रिक लेखन वाचून आपल्याला एखादं काम नीट करता आलं पाहिजे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तिथेही हे लेखन लागतंच. पण त्याचं महत्त्व गॅरेजमध्ये सगळ्यात लवकर कळतं.

एक सूचना, दोन प्रकारे

हे वाक्य वाचा:

"जॅकच्या साहाय्याने वाहन उंचावल्यानंतर आधाराची योग्य व्यवस्था सुनिश्चित केल्याशिवाय वाहनाखाली प्रवेश करणे धोकादायक ठरू शकते."

व्याकरण बरोबर आहे. पण तुम्हाला ते किती वेळा वाचावं लागलं? आता हे वाचा:

धोका! गाडी फक्त जॅकवर उभी असेल, तर तिच्याखाली जाऊ नका. जॅक घसरला तर गाडी अंगावर पडेल.
१. गाडी सपाट आणि टणक जागेवर उभी करा.
२. हँडब्रेक ओढा.
३. जी चाकं जमिनीवर राहणार आहेत, त्यांच्या पुढे आणि मागे ठोकळे लावा.
४. जॅकने गाडी उचला.
५. गाडीखाली स्टँड लावा.
६. जॅक हळूहळू खाली घ्या. गाडीचा भार स्टँडवर येऊ द्या.
७. गाडी हलत नाही ना, ते बघा. मगच खाली जा.

काय बदललं? एका वाक्यात एकच काम आलं. कामं ज्या क्रमाने करायची, त्याच क्रमाने लिहिली. धोका सगळ्यात आधी सांगितला, कारण माणूस वाचता वाचता काम करत असतो. धोका सातव्या ओळीत लिहिला, तर तो वाचेपर्यंत माणूस गाडीखाली गेलेला असेल.

एका शब्दाचा एकच अर्थ

विमान दुरुस्त करणाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता. जगभरातले मेकॅनिक इंग्रजी मॅन्युअल वाचायचे, पण अनेकांची भाषा इंग्रजी नव्हती. म्हणून १९८० च्या दशकात युरोपमधल्या विमान उद्योगाने इंग्रजी लिहिण्याचे साधे नियम तयार केले. आज त्यांना 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' म्हणतात. त्यात सुमारे ९०० ठरलेले शब्द आहेत. त्याशिवाय यंत्रांच्या भागांची नावं वापरता येतात. एका शब्दाचा शक्यतो एकच अर्थ घ्यायचा. सूचनेचं वाक्य २० शब्दांपेक्षा मोठं करायचं नाही.

आपल्या भाषांमध्येही दोन अर्थांचे शब्द आहेत. हिंदीतला 'कल' घ्या. त्याचा अर्थ काल किंवा उद्या. मशीनवर कुणी "कल से बंद" अशी पाटी लावली, तर मशीन कालपासून बंद आहे की उद्यापासून बंद होणार आहे? मराठीत काल आणि उद्या वेगळे आहेत. पण आपला 'परवा' तसाच आहे! परवा आलो आणि परवा येईन, दोन्ही चालतं. म्हणून सूचनेत तारीख लिहावी. तीसुद्धा ३/४ अशी नको. भारतात ती ३ एप्रिल होते आणि अमेरिकेत ४ मार्च. '३ एप्रिल' असं लिहिलं की भांडण मिटलं.

भाषांतरातही असंच होतं. गोदामाच्या दारावर इंग्रजीत 'कीप क्लिअर' लिहिलेलं असतं. शब्दाला शब्द ठेवला तर मराठीत होतं, "स्वच्छ ठेवा". मग माणूस दार पुसतो आणि खोकी तिथेच ठेवतो. खरा अर्थ आहे, "दारासमोर काहीही ठेवू नका." आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता तोच असतो.

आकडा लिहा आणि समजावून सांगा

"उन्हात जास्त काम करू नका" ही सूचना प्रेमळ आहे, पण उपयोगाची नाही. जास्त म्हणजे किती? कतारमध्ये २०२१ पासून नियम असा आहे: १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावरचं काम बंद. आता हे मोजता येतं. कामगार घड्याळ बघून म्हणू शकतो, "साहेब, दहा वाजले."

याच नियमात आणखी एक आकडा आहे: ३२.१ अंश. उष्णतेचं माप याच्या वर गेलं, तर वेळ कोणतीही असो, काम थांबवायचं. पण हे भिंतीवरच्या साध्या थर्मामीटरचं माप नाही. त्यात हवेतला दमटपणा, ऊन आणि वारासुद्धा धरलेला असतो. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. नुसता '३२.१' लिहिला, तर वाचणारा चुकीच्या यंत्रावर बघेल. आकड्यासोबत तो कशाचा आहे, हेही सांगावं लागतं.

ज्यांना वाचताच येत नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी चिन्हं असतात. आयएसओ ७०१० या नियमांप्रमाणे लाल गोल आणि तिरकी रेघ म्हणजे 'करू नका'. निळा गोल म्हणजे 'केलंच पाहिजे'. पिवळा त्रिकोण म्हणजे 'सावध'. हिरवी पाटी म्हणजे 'बाहेर जायचा रस्ता' किंवा 'प्रथमोपचार'.

शिकायचं कुठे?

इंटरनेटवर बरंच काही फुकट आहे. गुगलचे तांत्रिक लेखनाचे अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. त्यात छोटी वाक्यं आणि नेमके शब्द यांचा सराव करून घेतात. 'राइट द डॉक्स' हा तांत्रिक लेखकांचा जागतिक गट आहे. त्यांचं मार्गदर्शन कुणालाही वाचता येतं.

मराठीत लिहायचं असेल, तर दोन जागा माहीत हव्यात. एक, महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश. त्यात विज्ञान, कायदा, अभियांत्रिकी अशा विषयांचे मराठी शब्द सापडतात. दुसरी, मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईमध्ये त्याचं काम उभं राहिलं. आता त्याचे वीस खंड ऑनलाइन वाचता येतात.

पण कोशातला शब्द उचलला की काम संपलं, असं नाही. कोशात 'उद्वाहन' असेल, पण इमारतीतले लोक 'लिफ्ट' म्हणतात. गॅरेजमधला माणूस 'पाना' मागतो, कुणी 'स्पॅनर' मागतो. ज्याच्यासाठी लिहितोय, त्याच्या तोंडात कोणता शब्द आहे, ते त्यालाच विचारायचं. हे कोणत्याही वेबसाइटवर मिळत नाही.

इथे तुमचा एक मोठा फायदा आहे. तुम्ही मराठी शिकताय. लांब वाक्य आलं की तुम्ही कुठे अडखळता, कोणता जोडशब्द तुम्हाला थांबवतो, हे तुम्हाला माहीत आहे. इंडस्ट्रियल एरियातला नेपाळी किंवा मराठी मेकॅनिक इंग्रजी मॅन्युअल वाचताना तसाच थांबतो. ज्याला स्वतः अडखळायची सवय आहे, तो दुसऱ्यासाठी सोपं लिहू शकतो.

करून पाहा

१. घरच्या प्रेशर कुकरमध्ये भात लावायची सूचना मराठीत लिहा. जास्तीत जास्त आठ ओळी. एका ओळीत एकच काम.
२. "प्रेशर पूर्ण उतरल्याशिवाय झाकण उघडू नका" ही ओळ कुठे येईल? का?
३. ज्याने कधी कुकर लावला नाही, अशा माणसाला ती वाचायला द्या. शेजारी मोठं माणूस असू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका.
४. तो जिथे थांबेल, त्या ओळीवर खूण करा. ती ओळ पुन्हा लिहा.