गोळ्या बंद केल्यावर : पाळी, तपासण्या आणि थोडी सावधगिरी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटून झालं की गप्पा हळूच तब्येतीकडे वळतात. चाळिशी ओलांडलेल्या भगिनी आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. "इतकी वर्षं गोळ्या घेतल्या, आता बंद केल्या. दिवस राहण्याची भीती अजून आहे का? ते कळायला कोणती तपासणी करायची?" २०११ च्या जनगणनेत आपल्या बालाघाट जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या, मध्य प्रदेशात सर्वांत जास्त. अशा जिल्ह्यात तरी हा विषय कुजबुजत बोलायला नको, म्हणून हे लिहीत आहोत.

आधी गोळी कोणती ते पाहा

माला-डी किंवा आशाताईंकडून मिळणारी माला-एन या हार्मोनच्या गोळ्या. पाकिटात २८ गोळ्या असतात, २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत होणारा रक्तस्राव ही खरी पाळी नसते, हार्मोन थांबल्यामुळे तो येतो. म्हणून "गोळ्या घेत होते तेव्हा पाळी वेळेवर यायची" यावरून अंडाशयाचं काम कसं चाललं आहे ते कळत नाही. आठवड्याला घ्यायची 'छाया' वेगळी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेल्या या गोळीत स्त्री-हार्मोन नसतं. तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन बंद केल्यावर मात्र पाळी आणि गर्भधारणेची क्षमता परत यायला बरेच महिने लागू शकतात. डॉक्टरांकडे जाताना रिकामं पाकीट किंवा कार्ड सोबत न्या.

तपासणी कधी करायची

हार्मोनच्या गोळ्या चालू असताना एफएसएच तपासलं तर आकडा दबलेला येतो. एएमएचही कमी दिसू शकतं. म्हणून गोळ्या बंद करून दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. एफएसएच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात, एएमएच कोणत्याही दिवशी चालतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा, त्याने काही हार्मोनचे रिपोर्ट चुकू शकतात.

रिपोर्ट काय सांगतो, काय नाही

चाळिशीनंतर एफएसएच एका महिन्यात जास्त, पुढच्या महिन्यात कमी असं होऊ शकतं. एकदा जास्त आलं म्हणजे पाळी कायमची गेली असं नाही. एएमएचवरून अंड्यांच्या साठ्याचा अंदाज येतो, पण नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हे त्यावरून ठरत नाही. पंचेचाळिशीनंतर पाळी लांबत असेल, अंगातून वाफा निघत असतील, रात्री घाम येत असेल, तर बहुतेक वेळा डॉक्टर लक्षणांवरूनच सांगतात. महागड्या तपासण्यांसाठी गोंदिया-नागपूरला धावण्याआधी इथल्याच डॉक्टरांना विचारा. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब या साध्या तपासण्या अनेकदा जास्त उपयोगी पडतात. थकवा आणि पाळीची गडबड थायरॉईडमुळेही होते.

धोका इथेच आहे

गोळ्या बंद झाल्यावर काही आठवड्यांतच अंडं तयार होऊ शकतं. पाळी चुकली की "आता वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. आधी गर्भाची तपासणी करा. 'निश्चय' किट आशाताईंकडे मिळतं. बारा महिने सलग पाळी आली नाही, तरच पाळी गेली असं म्हणतात. शेवटची पाळी पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष, त्याआधी आली असेल तर दोन वर्षं गर्भनिरोधाची काळजी घ्यावी, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम आहे. तोवर निरोध किंवा तांबी हे पर्याय आहेत.

उलट, कुणाला चाळिशीत मूल हवं असेल तर वाट पाहत बसू नका. गोळ्यांमुळे वांझपण येत नाही, पण गोळ्यांनी अंडी साठूनही राहत नाहीत. ती वयाप्रमाणे कमी होतच असतात. फॉलिक अॅसिड सुरू करून लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा.

डॉक्टरांकडे कधी जायचंच

गोळ्या बंद करून तीन महिने झाले तरी पाळी नाही, चाळिशीच्या आतच पाळी थांबली, दर तासाला पॅड बदलावा लागतो, संबंधानंतर रक्त जातं, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, यातलं काहीही असलं तर जायला हवं. शेवटच्या दोन गोष्टींत तर रोवणी उरकू दे, लग्नसराई जाऊ दे, असं म्हणूच नका.

आणि एक करा. घरातल्या कालनिर्णयवर पाळीच्या तारखेला खूण करत चला. सहा महिन्यांच्या त्या खुणा पाहून डॉक्टरांना जे कळतं, ते एका रिपोर्टवरून कळत नाही.