दोन एस. पाटील, एक लिनक्स

समजा, एका मोठ्या संस्थेच्या पुणे कार्यालयात एक एस. पाटील आहेत आणि नागपूर कार्यालयात दुसरे. दोघांचंही लॉगिनचं नाव 'एसपाटील'. विंडोजच्या यंत्रांवर यानं काही बिघडत नाही, कारण पुणे आणि नागपूर अशी दोन वेगळी डोमेन आहेत आणि नाव एका डोमेनपुरतंच एकमेव असावं लागतं. पण पुण्यातला एक लिनक्स सर्व्हर आता दोघांनाही वापरायचा आहे. त्या सर्व्हरनं कोणत्या पाटलांना काय म्हणायचं? हा प्रश्न पासवर्डचा वाटतो. खरं तर तो आकड्यांचा आहे.

युनिक्सला माणसांची नावं कळत नाहीत. फाइलचा मालक म्हणून तो फक्त एक आकडा लिहून ठेवतो, यूआयडी. फाइलींची यादी मागितल्यावर शेजारी नाव दिसतं, ते त्या क्षणी कुणाला तरी विचारून आणलेलं असतं. पूर्वी विचारायची जागा एकच होती, त्याच यंत्रावरची पासवर्ड फाइल. यंत्रं वाढली तेव्हा सन कंपनीनं ही यादी नेटवर्कवरून वाटणारी एनआयएस आणली. तिचं मूळ नाव यलो पेजेस. ते ब्रिटिश टेलिकॉमचं ट्रेडमार्क निघालं म्हणून बदललं, पण तिच्या आज्ञा आजही 'वायपी' या अक्षरांनीच सुरू होतात. आजच्या लिनक्समध्ये हे काम दोन खिडक्यांवर वाटलेलं आहे. 'हा कोण?' हे एनएसएस सांगतं, 'हा खरंच तोच का?' हे पॅम तपासतं. दोघांच्या मागे बसून डिरेक्टरीशी बोलणारा कारकून म्हणजे एसएसएसडी किंवा सांबाचा विनबाइंड.

समोरच्या बाजूला मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी. विंडोज २००० बरोबर आलेल्या या व्यवस्थेत नवं असं थोडंच आहे: यादीसाठी एलडॅप, ओळख पटवण्यासाठी एमआयटीत जन्मलेलं कर्बरॉस आणि पत्ते शोधण्यासाठी डीएनएस. डोमेनांचा समूह म्हणजे फॉरेस्ट, आणि फॉरेस्टमधली सगळी डोमेन एकमेकांवर आपोआप विश्वास ठेवतात. इथे माणसाची ओळख म्हणजे एसआयडी नावाची लांबलचक ओळ. तिचा पुढचा भाग डोमेनचा, शेवटचा तुकडा त्या माणसाचा. या तुकड्याला आरआयडी म्हणतात. पुण्याच्या पाटलांचा आरआयडी ११०४ असेल, तर नागपूरच्या पाटलांचाही ११०४ असू शकतो. प्रत्येक डोमेन आपापली मोजणी करतं.

म्हणजे या लांब ओळीतून युनिक्सला चालेल असा एकच आकडा काढायचा, आणि तो प्रत्येक यंत्रावर तोच यायला हवा.

एसएसएसडीची नेहमीची युक्ती अशी. २ लाखांपासून २०० कोटी २ लाखांपर्यंतचा पट्टा घ्यायचा आणि त्याचे २-२ लाखांचे १०,००० तुकडे पाडायचे. डोमेनच्या एसआयडीचं हॅश काढून त्या डोमेनला एक तुकडा द्यायचा आणि तुकड्याच्या सुरुवातीच्या आकड्यात आरआयडी मिळवायचा. समजा, पुण्याच्या वाट्याला ३००० क्रमांकाचा तुकडा आला. ३००० गुणिले २ लाख म्हणजे ६० कोटी, वर सुरुवातीचे २ लाख, वर ११०४; पाटलांचा यूआयडी झाला ६००२०११०४. नागपूरला ७१२५ क्रमांकाचा तुकडा मिळाला तर तिथल्या पाटलांचा यूआयडी १४२५२०११०४. आरआयडी तोच असून टक्कर नाही. कुठेही काही साठवलेलं नाही, तरी दहा सर्व्हर हेच गणित करून याच उत्तरावर येतात.

जवळजवळ नेहमी. दोन डोमेनांच्या हॅशला एकच तुकडा आला, तर दुसऱ्याला पुढचा मोकळा तुकडा दिला जातो. मग कोणत्या यंत्राला कोणतं डोमेन आधी भेटलं यावर उत्तर ठरतं. चार-पाच डोमेन असतील तर ही शक्यता फार कमी, पण शून्य नाही.

यापेक्षा वाईट पद्धत मी एका ठिकाणी पाहिली आहे. तिथे विनबाइंड असा बसवला होता की जो यूजर आधी येईल त्याला पुढचा आकडा, आणि ही वही प्रत्येक यंत्राची स्वतंत्र. एकट्या सर्व्हरवर सगळं सुरळीत. मग दोन सर्व्हरांनी नेटवर्कवरून फाइली वाटणाऱ्या एनएफएसवरचा एकच फोल्डर वापरायला घेतला आणि एकाच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर दिसू लागल्या. एनएफएस साध्या पद्धतीनं चालतं तेव्हा तारेवरून आकडाच जातो, नाव जात नाही.

दुसरा मार्ग म्हणजे आकडे डिरेक्टरीतच लिहून ठेवणं. प्रत्येक यूजरच्या नोंदीत यूआयडीचा रकाना भरायचा आणि एसएसएसडीला गणित बंद करायला सांगायचं. जुने युनिक्स सर्व्हर आणि जुन्या फाइली असतील तर हाच मार्ग बरा, कारण जुने आकडे टिकतात. पण अनेक डोमेनांत इथे एक खड्डा आहे. फॉरेस्टभरचा शोध ग्लोबल कॅटलॉगमध्ये, ३२६८ या पोर्टवर होतो. त्यात साऱ्या फॉरेस्टच्या नोंदी असतात, पण प्रत्येक नोंदीतले निवडकच रकाने. यूआयडीचा रकाना त्या निवडीत मुळात नसतो. तेव्हा तो मुद्दाम त्यात घालावा लागतो, नाहीतर एसएसएसडीला कॅटलॉग सोडून त्या-त्या डोमेनलाच विचारायला सांगावं लागतं.

आता नागपूरचे पाटील पुण्याच्या सर्व्हरवर लॉगिन करतात तेव्हा काय घडतं ते पाहू. सर्व्हर आधी डीएनएसमधून नागपूरचे डोमेन कंट्रोलर शोधतो. म्हणून लिनक्सचं डीएनएस ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या डीएनएसकडेच वळवलेलं हवं. बाहेरचा सार्वजनिक पत्ता टाकला की सगळं इथेच थांबतं. मग नागपूरचा कंट्रोलर पासवर्ड तपासून कर्बरॉसचं पहिलं तिकीट देतो. पण हा कंट्रोलर खरा कशावरून? ते पडताळायला सर्व्हर स्वतःच्याच नावाचं तिकीट मागतो. नागपूर म्हणतं, ते माझ्याकडे नाही, ही आम्हा दोघांच्या वरच्या मूळ डोमेनसाठी चिठ्ठी घ्या. मूळ डोमेन पुण्यासाठी चिठ्ठी देतं आणि पुणे शेवटी सर्व्हरचं तिकीट देतं. ते सर्व्हरच्या कीटॅब फाइलमधल्या किल्लीनं उघडलं, की साखळी पूर्ण. या वाटेवर घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक असेल तर कर्बरॉस ऐकत नाही. आणि व्हर्च्युअल यंत्र महिन्यापूर्वीच्या स्नॅपशॉटवर मागे नेलं, तर कीटॅबमधली किल्ली जुनी झालेली असू शकते, कारण यंत्राचा स्वतःचा पासवर्ड साधारण ३० दिवसांनी बदलतो.

ग्रुपांबद्दलची तक्रार ठरलेली असते: 'विंडोजमध्ये मी त्या ग्रुपात आहे, लिनक्सला दिसत नाही.' आधी ग्रुपचा प्रकार पाहा. डोमेन लोकल ग्रुप आपल्या डोमेनबाहेर लागू होत नाही, तेव्हा नागपूरचा असा ग्रुप पुण्याच्या सर्व्हरवर न दिसणं हेच बरोबर आहे. अनेक डोमेनांतल्या माणसांना हक्क द्यायचे तर युनिव्हर्सल ग्रुप करावा. त्याचे सभासद ग्लोबल कॅटलॉगमध्ये असतात. प्रकार बरोबर असेल तर त्या माणसाला एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायला सांगा. एसएसएसडी एरवी आपल्या साठ्यातलं ५४०० सेकंदांपर्यंत जुनं उत्तर देऊ शकतो.

नावांचं म्हणाल, तर पूर्ण नाव वापरा: एसपाटील, मग ॲटचं चिन्ह, मग डोमेन. टाइप करायला कंटाळवाणं आहे खरं, आणि काही जुने प्रोग्राम त्या चिन्हावर अडखळतात. तरी आखूड नावांचा मोह मला पटत नाही. आज दुसरे पाटील नसतील, पुढच्या भरतीत येतील. होम फोल्डरच्या नावातही डोमेन असू द्या.

हे सगळं एका फॉरेस्टच्या आतलं. दुसऱ्या फॉरेस्टमधली माणसं आणायची असतील, तर थेट जोडलेला एसएसएसडी पुरत नाही. विनबाइंड किंवा फ्रीआयपीए लागतं.

आकडे गणितानं काढायचे की डिरेक्टरीत लिहायचे, हे पहिलं यंत्र जोडण्याआधी ठरवा. नंतर बदललं तर प्रत्येक सर्व्हरवरचा एसएसएसडीचा साठा पुसावा लागतो आणि प्रत्येक डिस्कवरच्या फाइलींचे मालक शोधून बदलावे लागतात. बॅकअपमधल्या फाइलींवर तरीही जुनेच आकडे राहतात.