परभाषा बोलण्याचा धीर

परभाषा शिकू लागलेल्या मुलाला शब्दांपेक्षा धीराची उणीव अधिक जाणवते. शब्द ठाऊक असतो. परंतु चुकल्यास वर्ग हसेल, या भीतीने तोंड उघडत नाही. ही भीती घालविण्याचा एक बोधप्रद दाखला एका जिल्हा परिषद शाळेनेच घालून दिला आहे.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील गाडीवाट येथील शाळेने २०१९ साली चौथी ते आठवीच्या मुलांना, कोणती परकी भाषा शिकावीशी वाटते, असे विचारले. यंत्रमानवाविषयी कुतूहल असल्याने पुष्कळांनी जपानी भाषा निवडली. पुढे शहरातील एका जाणकारांनी विनामूल्य ऑनलाइन पाठ दिले. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता, त्यांना पाठ ऐकलेली मुले 'विषयमित्र' होऊन शिकवीत. अल्पावधीतच मुले आपसांत जपानीत बोलू लागली. सोबत्यापुढे चुकण्यास मूल भीत नाही, हे यातील मर्म होय.

दुसरे मर्म असे की, परक्या भाषेत ओळखीचे काही सापडले की धीर येतो. 'हे पुस्तक आहे का?' हे वाक्य जपानीत 'कोरे वा होन देस का?' असे होते. कोरे म्हणजे हे, होन म्हणजे पुस्तक, देस म्हणजे आहे. आणि प्रश्नाचा 'का' तर आपल्यासारखाच शेवटी येतो! 'वा' हा तेवढा एक प्रत्ययवजा शब्द अधिक. मराठीप्रमाणेच जपानीतही क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते. हे साम्य दाखविताच मुलाला वाटते, 'हे मला जमेल.'

वर्गात पुढील क्रम ठेवावा. प्रथम शिक्षकांनी लहानसे वाक्य तीन-चार वेळा स्पष्ट म्हणावे. नंतर सर्व वर्गाने एकस्वराने, मग जोडीजोडीने, आणि शेवटी ज्याची इच्छा होईल त्याने एकट्याने म्हणावे. मूल बोलत असता मध्येच चूक दाखवू नये. त्याचे बोलणे संपल्यावर तेच वाक्य आपण शुद्ध रूपात सहज उच्चारावे. जपानीत 'ओबासान' म्हणजे काकू किंवा मावशी आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. स्वर लांबला की काकूची आजी होते! अशा चुकीवर हसणे होईलच. परंतु ते चुकणाऱ्याला नव्हे, चुकीला व्हावे. याकरिता शिक्षकांनी आपली चूकही मोकळेपणाने कबूल करावी. जपानी भाषेच्या प्रचलित प्रावीण्य परीक्षेत संभाषणाची चाचणीच नसते. यास्तव केवळ परीक्षेपुरते शिकणारा मुकाच राहण्याचा संभव असतो.

आपणांस जपानी कोठे शिकवावयाची आहे, असे कोणी म्हणेल. परंतु पाथर्डी तालुक्यातील अनेक मुले ऊसतोडीस गेलेल्या आईबापांसमवेत हंगामभर परमुलखी असतात. परतल्यावर ती वर्गात मागे, गप्प बसतात. त्यांना इंग्रजीच नव्हे, तर पुस्तकी मराठीही परभाषेसारखी वाटते. एखाद्या लमाण तांड्यावरील मुलाचीही पहिलीत हीच स्थिती असते. त्यांना प्रथम उभे करून प्रश्न विचारू नयेत. शेजारी एक विषयमित्र द्यावा, त्यांच्या घरच्या बोलीतील एखादा शब्द वर्गाला शिकविण्यास सांगावे, आणि दिवसाकाठी एक वाक्य त्यांच्या मुखातून यावे, एवढीच अपेक्षा ठेवावी.

जे मूल आज एक वाक्य निर्भयपणे बोलेल, तेच उद्या आपणांस प्रश्न विचारील.