लहान जमीनधारकानें ट्रॅक्टर घेतांना काय पाहावें ?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ च्या सुमारास बेळगांवास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमिनींत विष भिनतें अशा समजुतीनें शेतकऱ्यांनीं तो प्रथम घेतला नाहीं. आज स्थिति अगदीं उलट झाली आहे. शेजाऱ्याच्या दारीं ट्रॅक्टर उभा राहिला कीं आपल्याही दारीं तो असावा असें प्रत्येकास वाटूं लागतें. बैल घेतांना दांत, खूर आणि चाल बारकाईनें पाहणारा चतुर शेतकरी ट्रॅक्टर घेतांना मात्र रंग आणि हप्ता एवढेंच पाहून येतो, हें आश्चर्य आहे.

२०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांतील खातेदाराची सरासरी जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारें सव्वातीन एकर भरते. एवढ्या जमिनीच्या उत्पन्नांतून यंत्राचें कर्ज फेडावयाचें असल्यास निवड चुकून चालत नाहीं. चुकल्यास यंत्रही जातें आणि जमीनही गहाण पडते. म्हणून खरेदीपूर्वीं विचारांत घेण्यासारख्या मुख्य गोष्टी येथें देत आहोंत.

कामाचे तास.— विचाराचा आरंभ किंमतीपासून न करतां कामाच्या तासांपासून करावा. समजा, सर्व साहित्यासह लहान ट्रॅक्टर ५ लाख रुपयांस पडला आणि १० वर्षांनीं विकून १ लाख रुपये आले. वर्षाची घट ४० हजार झाली. सरासरी ३ लाख भांडवलावर दरसाल दर शेंकडा १० प्रमाणें व्याज ३० हजार, आणि विमा, निवारा व दुरुस्ती मिळून २० हजार धरल्यास एकूण ९० हजार होतात. चार एकर कोरडवाहू रानांत वर्षाकांठीं ६० तास काम निघालें, तर तासास १,५०० रुपये पडले, आणि त्यांत डिझेल व चालकाची मजुरी अजून आलेलीच नाहीं. हाच ट्रॅक्टर ३०० तास चालला, तर तासास ३०० रुपयेच पडतात. गांवांत भाड्याचा दर काय आहे तो याशेजारीं मांडावा, म्हणजे उत्तर आपोआप मिळेल.

तथापि केवळ एकरांवरून निर्णय करूं नये. द्राक्षाच्या बागेंत फवारण्या वारंवार कराव्या लागतात, आणि पावसाळी हवेंत डावणीचा जोर असतां भाड्याच्या ट्रॅक्टरची दोन दिवस वाट पाहिल्यास सबंध हंगाम जाण्याची भीति असते. अशा बागाइतदारास चार एकरांतही स्वतःचा ट्रॅक्टर परवडूं शकेल. सरकारी अनुदान मिळतें, आणि ता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जी.एस.टी. शेंकडा १२ वरून ५ वर आला आहे, हेंही खरें. परंतु या सवलतींनीं किंमत उतरते, कामाचे तास वाढत नाहींत.

अश्वशक्ति.— जाहिरातींत छापलेली अश्वशक्ति बहुधा इंजिनाची असते. ती सर्वच्या सर्व अवजारापर्यंत पोंचत नाहीं. कांहीं गिअरांत आणि कांहीं चाकांच्या घसरणींत खर्च होते. ज्या फिरत्या दांड्यावरून रोटाव्हेटर किंवा फवारणीचा ब्लोअर चालतो, त्या पी.टी.ओ.वर किती शक्ति मिळते, हा प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावा. चांगल्या बैलजोडीची सतत कामाची शक्ति सुमारें १ अश्वशक्ति धरतात. त्या मानानें १५ अश्वशक्ति पुष्कळ वाटते. परंतु हरळी व कुंदा माजलेल्या भारी काळ्या रानाची खोल नांगरट तिला झेपणार नाहीं. ही नांगरट रोज करावयाची नसते. तिच्यासाठीं मोठा ट्रॅक्टर भाड्यानें आणावा आणि घरचा ट्रॅक्टर नेहमींच्या कामाच्या मापानें घ्यावा. तीन फुटी रोटाव्हेटर ताशीं ३ किलोमीटर वेगानें चालविला, तर वळणांचा वेळ धरून तासास अर्धा एकर रान होतें, हें माप मनांत ठेवावें.

रुंदी.— दुकानांत जाण्यापूर्वीं आपल्या पिकाच्या ओळींतील अंतर टेपनें मोजून न्यावें. उसाच्या ३ ते ३॥ फुटी सऱ्यांतील उभ्या पिकांत ट्रॅक्टर शिरत नाहीं. ४॥ ते ५ फुटांची सरी असल्यास अगदीं अरुंद ट्रॅक्टर लहान उसांत चालूं शकेल. द्राक्षाच्या ओळी ९-१० फुटांवर असल्या तरी दोन्ही बाजूंच्या फांद्या आंत येतात, हें विसरूं नये. ट्रॅक्टरची रुंदी चाकांच्या बाहेरच्या कडांपासून घ्यावी आणि जोडावयाचें अवजार त्याहून रुंद असल्यास तेंच माप खरें धरावें. ओळीच्या शेवटीं वळण्यास जागा नसेल, तर सारा हिशेब व्यर्थ होय.

वजन.— वाफसा येण्यापूर्वीं जड यंत्र घातल्यास काळी जमीन दबते व पुढें निचरा होत नाहीं. या दृष्टीनें हलका ट्रॅक्टर चांगला. परंतु मागें जड अवजार जोडल्यावर फार हलक्या ट्रॅक्टरचें तोंड उचलतें. यासाठीं पुढें वजनें लावण्याची सोय आहे कीं नाहीं तें पाहावें. चारही चाकांस जोर देणारी रचना चिखलांत व चढावर उपयोगी पडते. सपाट, निचऱ्याच्या रानांत तिच्यासाठीं जादा पैसा घालण्याचें कारण नाहीं.

कोंकणांतील गोष्ट निराळी आहे. तेथील पायऱ्यापायऱ्यांच्या भातखाचरांत चार चाकांचा ट्रॅक्टर फिरविणें कठीण; चिखलणीस पॉवर टिलरच सोयीचा. मात्र तो हातानें धरून मागें चालावें लागतें, म्हणून चालविणाराच्या शक्तीचाही विचार करावा. आंबा-काजूच्या बागेंतील गवतासाठीं खांद्यावरील कटर पुरेसा होतो. गवत वैरणीस हवें असल्यास त्यास पातें लावावें, कारण नायलॉनच्या दोरीनें गवताचा चुरा होतो. कोवळ्या कलमांच्या बुंध्याजवळ दोरी किंवा पातें मुळींच नेऊं नये, तेथें विळाच बरा. साल गोल सोलली गेली कीं कलम मेलेंच.

परीक्षा व सुरक्षितता.— मध्यप्रदेशांत बुदनी येथें १९५५ सालीं स्थापन झालेली केंद्रसरकारची संस्था ट्रॅक्टरांची परीक्षा करून अहवाल देते. पी.टी.ओ.वरील शक्ति, ओढ आणि डिझेलचा खर्च यांचे आंकडे त्यांत मिळतात. विक्रेत्याकडे तो अहवाल मागावा. त्याचप्रमाणें सुटे भाग आणि कारागीर तालुक्याच्या गांवीं मिळतात कीं नाहीं, याची चौकशी तेंच यंत्र वापरणाऱ्या दोघां-तिघांकडे करावी. पेरणीच्या दिवसांत आठ दिवस बंद पडलेलें स्वस्त यंत्र फार महाग पडतें.

पी.टी.ओ.च्या दांड्यावर आच्छादन असलेंच पाहिजे. धोतराचा सोगा, उपरणें किंवा लुगड्याचा पदर त्यांत गुंतला, तर सोडविण्यास क्षणाचाही अवकाश मिळत नाहीं. बांधावरून आडवा ट्रॅक्टर नेण्याचें साहस कोणीं करूं नये.

अखेरची सूचना अशी कीं, घाई असल्यासही एक वर्ष भाड्याच्या ट्रॅक्टरनें काम करून प्रत्येक कामाचे तास वहींत टिपावे. तास कमी भरले, तर शेजारचे चार खातेदार मिळून एक ट्रॅक्टर घ्यावा. मात्र पाळी, दुरुस्ती आणि चालक यांविषयींचा करार आधीं लेखी करावा. एकमेकांच्या रानांत नांगर घेऊन जाण्याची इर्जिकीची चाल आपल्याकडे जुनीच आहे. बैलांच्या जागीं यंत्र आलें म्हणून ती मोडण्याचें कारण नाहीं.