दार एकच, समुद्र अफाट

व्हिसा म्हटला की भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्याला आधी आठवते ती कागदपत्रांची चळत: बँकेचे सहा महिन्यांचे उतारे, नोकरीचा दाखला, आयकराची विवरणपत्रे, हॉटेलचे आरक्षण. या साऱ्या कागदांतून यजमान देश दोनच गोष्टी चाचपत असतो. तुमच्या खिशात किती आहे आणि तुम्ही परत जाणार की नाही? पश्चिम प्रशांत महासागरातला पलाऊ हा चिमुकला देश या बाबतीत वेगळा आहे. बहुतेक देशांच्या पर्यटकांना, आणि त्यांत भारतीयही आले, तिथे आधी व्हिसा काढावा लागत नाही. पासपोर्टाची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे तिकीट हवे, निघण्याआधी ऑनलाइन प्रवेश-अर्ज भरलेला हवा; मग विमानतळावरच 30 दिवसांची मुभा मिळते. त्या वेळी पासपोर्टाच्या पानावर एक मोठा शिक्का उमटतो. त्यात एक शपथ असते, आणि पाहुण्याने तिच्याखाली सही केल्याशिवाय प्रवेश पुरा होत नाही. डिसेंबर 2017 पासून हा नियम आहे. शपथ सरकारला उद्देशून नाही, पलाऊच्या मुलांना उद्देशून आहे. तिचा मसुदा करताना तिथल्या मुलांनाही सोबत घेतले होते. तुमच्या घरी पाहुणा म्हणून आलो आहे, इथल्या निसर्गाला इजा करणार नाही, असा तिचा आशय आहे. पाहुणा किती पैसेवाला आहे यापेक्षा तो कसा वागणार, हे विचारणारा हा प्रवेश-नियम आहे. तो भाबडा वाटू शकतो, पण माझ्या मते लहान देशाने केलेला तो अत्यंत व्यवहारी विचार आहे.

त्यासाठी आधी पलाऊचा भूगोल पाहायला हवा. तीनशेहून अधिक बेटे, पण सगळी जमीन मिळून जेमतेम 460 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरांपेक्षाही कमी. लोकसंख्या सुमारे 18 हजार. 1994 साली स्वतंत्र झालेल्या या देशाच्या हक्काचा समुद्र मात्र सुमारे सहा लाख चौरस किलोमीटर आहे, जवळपास दोन महाराष्ट्र मावतील एवढा. इतक्या पाण्यावर पहारा ठेवायला इतकी थोडी माणसे कुठून पुरणार? प्रत्येक प्रवाळापाशी रखवालदार उभा करता येत नाही. पण परदेशी पर्यटक येतो तो जवळजवळ एकाच वाटेने: बाबेलदाओब बेटावरच्या एकुलत्या एका आंतरराष्ट्रीय विमानतळावरून. समुद्र राखायचा तर तो दारातच राखावा लागतो, कारण माणसे मोजता येतील, थांबवता येतील, त्यांच्याशी बोलता येईल अशी जागा तेवढीच आहे. पर्यावरणासाठी प्रवेशाचा कायदाच बदलण्याचे पाऊल पलाऊने उचलले ते या हिशेबाने.

ही निकड कोणत्या अनुभवातून आली, तेही समजून घ्यावे. 2015 साली पलाऊला 1 लाख 60 हजारांहून अधिक पर्यटक आले, लोकसंख्येच्या जवळपास नऊपट. त्यांतले निम्म्याहून जास्त चीनमधून. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष टॉमी रेमेंगेसाऊ यांनी त्याच वर्षी चिनी चार्टर उड्डाणे निम्म्यावर आणण्याचा आदेश दिला. पुढे 2017 च्या अखेरीस चीननेच आपल्या पर्यटन कंपन्यांना पलाऊच्या सहली विकायला बंदी केली, कारण पलाऊची राजनैतिक मान्यता तैवानला आहे. गर्दी अशी दुसऱ्याच्या इच्छेने आली आणि गेली. मधल्या काळात समुद्रावर तिच्या खुणा राहिल्या. सोनेरी जेलीफिश ज्याच्यात झुंडीने तरंगतात, त्या प्रसिद्ध जेलीफिश सरोवराच्या पाण्यात, गाळात आणि खुद्द जेलीफिशच्या शरीरातही सनस्क्रीनमधली रसायने आढळली. त्यानंतर आलेल्या कायद्याने 1 जानेवारी 2020 पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट अशी दहा रसायने असलेल्या सनस्क्रीनवर देशभर बंदी आली. पर्यटकाच्या सामानात अशी बाटली निघाली तर ती दारातच काढून घेण्याची तरतूद आहे.

पहिला आक्षेप उघड आहे. सही ठोकून शपथ पाळली जाते का? दमलेला प्रवासी रांगेत न वाचताच सही करणार. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. पलाऊमध्ये ‘बुल’ नावाची जुनी प्रथा आहे: मासा कमी होऊ लागला किंवा अंडी घालण्याचा हंगाम आला की गावाचे प्रमुख त्या खडकाभोवतीची मासेमारी काही काळ बंद ठेवत. कोकणातला कोळी पावसाळी बंदीच्या दोन महिन्यांत होडी किनाऱ्याला ओढतो, त्यामागची जाण याच जातीची. बुल चाले ती शब्दाच्या वजनावर, कारण सगळे एकमेकांना ओळखत. चार दिवसांसाठी आलेला परका त्या ओळखीच्या बाहेर असतो. शपथ त्याला नावानिशी त्या बंधनात आणते. शिवाय ती एकटी नाही. तिच्यामागे दंडाचे कायदे आहेत, 2003 पासून उभे राहिलेले संरक्षित क्षेत्रांचे जाळे आहे, आणि 2020 पासून हक्काच्या समुद्राच्या 80 टक्के भागात मासेमारी बंद करणारे अभयारण्य आहे. शपथेने पाहुण्याला निदान हे कळते की नियम आहेत आणि ते कोणासाठी आहेत. नंतर ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणायची सोय राहत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. पलाऊला जाणाऱ्याच्या विमान तिकिटातच 100 डॉलरचे पर्यावरण शुल्क धरलेले असते, म्हणजे आठ-नऊ हजार रुपये. त्याशिवाय रॉक आयलंड्सच्या खाडीत फिरण्याचा कोरोर राज्याचा परवाना वेगळा काढावा लागतो आणि जेलीफिश सरोवर पाहायचे तर त्याहून महागडा. हा निसर्ग श्रीमंतांसाठीच राखून ठेवणे नव्हे काय? हा प्रश्न मला बोचतो, आणि तो पूर्णपणे सुटतो असे मी म्हणणार नाही. पण उलट बाजूचा हिशेबही मांडायला हवा. पलाऊने 2009 मध्ये आपल्या समुद्रात शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली. पुढे अभ्यासकांनी अंदाज काढला की पाणबुड्या पर्यटकांमुळे तिथला एक शार्क त्याच्या आयुष्यभरात सुमारे 19 लाख डॉलर मिळवून देतो. जिवंत शार्क ही जर देशाची मिळकत असेल, तर तिची राखण करण्याचा खर्च ती पाहायला येणाऱ्याने उचलावा, की 18 हजार बेटवासीयांनी? पर्यटक आठवड्याने निघून जातो. मोडलेल्या प्रवाळाशेजारी बेटवासीयांना राहायचे असते.

सर्वांत जड आक्षेप समुद्राच्या तापण्याचा. 1998 साली पाणी तापले आणि पलाऊचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. ते काही कोणा पर्यटकाच्या सनस्क्रीनने नव्हे. शिवाय पर्यटक येतो तो इंधन जाळूनच. मग दारातल्या शपथेने काय साधणार? तापमानवाढ ती थांबवू शकत नाही, हे मान्यच करायला हवे. त्याची किल्ली मोठ्या देशांच्या हातात आहे आणि पलाऊ ती गोष्ट जागतिक व्यासपीठांवर सतत मांडत आला आहे. पण त्या आघातानंतर दहाएक वर्षांत तिथले बरेच प्रवाळ पुन्हा वाढले, हेही तितकेच खरे. आजारी माणसाला घरच्यांनी आणखी त्रास दिला नाही तर तो लवकर उठतो. तसे जखमी प्रवाळावर गाळ, नांगर, रसायने आणि पायांचे ओझे कमी असले तर त्याला सावरायला जागा मिळते. पलाऊच्या हातात तेवढेच आहे आणि तेवढे तो करतो.

महाराष्ट्रातून जाऊ पाहणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच तपासावी. पलाऊचा व्हिसा सोपा असला तरी वाट सोपी नसते. एक वाट ग्वाममार्गे जाते, पण ग्वाम ही अमेरिकेची भूमी. तिथे नुसते विमान बदलायचे असले तरी भारतीयाला अमेरिकेचा व्हिसा लागतो. तैपेई किंवा मनिलामार्गे जायचे तर तिकीट सलग एकाच आरक्षणात आहे का, मध्ये सामान घ्यायला बाहेर पडावे लागते का, हे विमान कंपनीला विचारून घ्यावे, कारण त्यावर त्या देशाचा व्हिसा लागणे-न लागणे ठरते. आणि बॅग भरताना सनस्क्रीनच्या बाटलीमागची बारीक अक्षरांतली यादी वाचावी. ऑक्सिबेन्झोनचे नाव दिसले तर बाटली घरीच ठेवावी. उन्हासाठी लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा पुरतो.