बेटावरचा पिंग

जाहिरातीत ‘१०० एमबीपीएस’ ठळक छापलेलं असतं, पण ऑनलाइन गेममधली हार-जीत ठरते मिलिसेकंदांवर. तुम्ही बटण दाबल्यापासून सर्व्हरचं उत्तर येईपर्यंतचा वेळ म्हणजे पिंग. एमबीपीएस वाढवून तो कमी होईलच असं नाही.

अंदमानात हे स्पष्ट दिसतं. ऑगस्ट २०२० पर्यंत तिथलं इंटरनेट उपग्रहांच्या भरवशावर होतं. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. संदेश वर जाऊन खाली येणार, उत्तरही तसंच. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा यात जवळजवळ अर्धा सेकंद जातो. तेवढ्यात समोरच्याने गोळी झाडलेली असते! मग चेन्नईहून सुमारे २,३०० किलोमीटरची समुद्री केबल आली आणि पोर्ट ब्लेअरसह आठ बेटं जोडली गेली. काचेच्या तंतूत दर १,००० किलोमीटरला जाऊन-येऊन फक्त १० मिलिसेकंद लागतात.

म्हणून बेटावर कनेक्शन घेताना पहिला प्रश्न हाच: घरापर्यंत फायबर येतं का, की मध्ये कुठे भूस्थिर उपग्रह आहे? दुसरा, तुमच्या गेमचा सर्व्हर मुंबईत की सिंगापुरात? सिंगापूर नकाशावर जवळ दिसलं तरी डेटा आधी चेन्नईलाच जातो. पिंग सतत वर-खाली होणं तर जास्त पिंगपेक्षाही वाईट.

वर्षभराचे पैसे एकदम भरू नका. आधी त्याच कंपनीचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याकडे रात्री नऊच्या गर्दीत, वायफायऐवजी लॅन केबल लावून पिंग तपासा.