पोरांना समजून घेण्याची पदवी

पोरगं उलट बोललं की आम्ही आईबाप म्हणतो, ‘शेफारलाय!’ आणि दोन रट्टे देतो. पण मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या मते, साधारण १२ ते १८ या वयात मूल ‘मी कोण?’ या प्रश्नाशी झगडत असते. बाल व किशोर विकासाच्या पदवीत हेच शिकवतात. ज्याँ पियाजे यांनी तर स्वतःच्या तीन मुलांचे घरातच निरीक्षण करून अभ्यास केला. म्हणजे या विद्येची प्रयोगशाळा आपल्या दहा बाय दहाच्या खोलीतही आहे!

असे विषय आता ऑनलाईन पदवीतही शिकता येतात. कामाची पाळी सांभाळून रात्री अभ्यास होतो. मान्यताप्राप्त ऑनलाईन पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीचीच आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले. मात्र घामाचा पैसा भरण्याआधी आयोगाच्या यादीत विद्यापीठाबरोबर त्या अभ्यासक्रमाचेही नाव तपासा. एजंटाच्या हाती फी देऊ नका. शाळेत शिक्षक व्हायचे तर वेगळे प्रशिक्षण लागते, हेही ध्यानात ठेवा.

नोकरी मिळेल तेव्हा मिळेल. आज रात्री हात उगारण्याआधी पोराचे ऐकून घेतले, तरी आमचा पहिला धडा झाला.